गर्भिणीचा उत्तरकालीन उच्च रक्तदाब : ओळख, आपली मर्यादा आणि वेळीच पाठवणी

प्रास्ताविक

ग्रामीण भागात चिकित्सा करणाऱ्या वैद्याकडे गर्भिणी स्त्री दोन निमित्तांनी येते. एक नियमित तपासणीचे आणि दुसरे एखाद्या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीचे. नियमित तपासणी आता बहुतांशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा प्रसूतितज्ज्ञांकडे होते. आपल्या दारी येते ती मुख्यतः तक्रार घेऊन आलेली गर्भिणी. मोरगाव, सुपे आणि कऱ्हाकाठच्या गावांतून सातव्या ते नवव्या महिन्यातील स्त्रिया ज्या तक्रारी सांगतात, त्यांत तीन वारंवार ऐकू येतात : पायांवर सूज आली आहे, डोके ठणकते आहे आणि पित्त झाले आहे. या तिन्ही तक्रारींवर आपल्या कपाटात औषध तयार असते. ते औषध सहज उपलब्ध असते, त्याला शास्त्राधारही असतो आणि पुष्कळदा त्याने बरेही वाटते. परंतु याच तीन तक्रारी गर्भिणीच्या उच्च रक्तदाबाच्याही असू शकतात आणि त्या प्रसंगी तयार औषधाने मिळालेला तात्पुरता आराम तिचा मौल्यवान काळ हिरावून घेतो.

या लेखाचा आग्रह एवढाच आहे : वीस आठवड्यांपुढील गर्भिणीची कोणतीही तक्रार असो, रक्तदाब मोजल्याशिवाय आणि मूत्रपरीक्षण केल्याशिवाय तिला औषध देऊ नये. हा नियम वैद्यांइतकाच औषधविक्रेत्यांनाही लागू आहे, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्राने मातामृत्यू रोखण्यात मोठी मजल मारली आहे. नमुना नोंदणी योजनेनुसार २००१-०३ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ३०१ आणि महाराष्ट्रात १४९ मातामृत्यू होत होते. २०१८-२० या काळात हे प्रमाण देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ इतके उतरले. मात्र उच्च रक्तदाबाचे विकार आजही जगभरात रक्तस्रावाच्या खालोखाल मातामृत्यूचे प्रमुख कारण आहेत. रक्तस्राव डोळ्यांना दिसतो आणि घरातील माणसे धावपळ करतात. रक्तदाब दिसत नाही. तो यंत्राने शोधावा लागतो, म्हणूनच त्यात चुकण्याची शक्यता अधिक आहे.

व्याख्या आणि प्रकार

गर्भिणीचा रक्तदाब १४०/९० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आढळला, तर तो उच्च समजावा. दोन आकड्यांपैकी एकच वाढलेला असला तरी पुरेसे आहे. १६०/११० किंवा त्यापुढील रक्तदाब तीव्र होय. येथे चार तास थांबायचे नसते. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजून तो खरा आहे एवढी खात्री करावी आणि पाठवणीची तयारी सुरू करावी.

व्यवहारात चार प्रकार लक्षात ठेवावेत.

१) पूर्वीपासूनचा उच्च रक्तदाब : गर्भधारणेपूर्वीचा किंवा वीस आठवड्यांच्या आत आढळलेला.

२) गर्भावस्थाजन्य उच्च रक्तदाब : वीस आठवड्यांनंतर प्रथमच वाढलेला, परंतु लघवीत प्रथिन नाही आणि अन्य अवयवांवर परिणाम नाही.

३) प्रीएक्लॅम्प्सिया : वीस आठवड्यांनंतर वाढलेला रक्तदाब आणि त्यासोबत लघवीतून प्रथिन जाणे, किंवा यकृत, वृक्क, रक्तबिंबिका, फुप्फुस वा मेंदू यांवर परिणाम. यानंतर झटके आले तर ती अवस्था एक्लॅम्प्सिया, म्हणजेच गर्भाक्षेपक.

४) पूर्वीच्या उच्च रक्तदाबावर प्रीएक्लॅम्प्सियाची भर.

दोन गोष्टी येथे ठळकपणे सांगावयास हव्यात. पहिली अशी की, सूज हा आता निदानाचा निकष राहिलेला नाही. आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासक्रमात रक्तदाब, सूज आणि प्रथिन ही त्रयी पाठ केलेली आहे. परंतु निरोगी गर्भिणींतही पायांवर सूज सर्रास आढळते आणि सूज मुळीच नसताना झटके येऊ शकतात. दुसरी गोष्ट, लघवीत प्रथिन नाही म्हणून प्रीएक्लॅम्प्सिया नाही असे म्हणता येत नाही. रक्तबिंबिका एक लाखाच्या खाली, क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅमच्या वर, यकृताची विकरे दुपटीने वाढलेली, किंवा तीव्र डोकेदुखी व दृष्टिदोष, यांपैकी काही असल्यास प्रथिनाविनाही निदान होते.

संप्राप्ती

या विकाराचे मूळ अपरेत, म्हणजे वारेत आहे. प्राकृत गर्भावस्थेत पहिल्या वीस आठवड्यांत गर्भाशयाच्या नागमोडी धमन्यांची रचना बदलते. त्या रुंद व सैल होतात आणि वारेला विपुल रक्त मिळू लागते. काही स्त्रियांत हा बदल अपुरा राहतो. वारेला रक्त कमी पडू लागते आणि तिच्यातून काही घटक मातेच्या रक्तात मिसळतात. ते सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला बाधा करतात. परिणामी वाहिन्या आकुंचन पावतात आणि त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो. म्हणूनच हा केवळ रक्तदाबाचा विकार नव्हे. वृक्कात प्रथिन गळते, यकृत सुजून उजव्या बरगडीखाली वा आमाशयाच्या जागी दुखते, मेंदूत शोथ होऊन डोके दुखते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

येथे चिकित्सेच्या दृष्टीने एक महत्त्वाचा मुद्दा आहे. अशा स्त्रीच्या अंगावर सूज दिसते, पण तिच्या रक्तवाहिन्यांतील द्रव मात्र कमी झालेला असतो. पाणी शरीरात आहे, परंतु ते वाहिन्यांच्या बाहेर आहे. हा मुद्दा पुढे शोथचिकित्सेचा विचार करताना ध्यानी ठेवावा.

उपद्रव गंभीर आहेत. मातेला झटके, मेंदूत रक्तस्राव, फुप्फुसात पाणी साठणे, वृक्काघात, वार अकाली सुटणे, तसेच रक्तकण फुटून यकृत बिघडणे व रक्तबिंबिका घटणे, ज्यास हेल्प लक्षणसमुच्चय म्हणतात. गर्भाची वाढ खुंटणे, अकाली प्रसूती आणि गर्भमृत्यू हे बाळाकडील परिणाम.

संहितांतील आधार

रक्तदाब हा शब्द वा मापन संहितांत नाही आणि ओढूनताणून तो तेथे दाखविण्याचे कारणही नाही. कोणी यास वातप्रधान त्रिदोषज म्हणतात, कोणी रसरक्तवह स्रोतसांचा अवरोध मानतात. मतभेद आहेत आणि राहतील. परंतु आचार्यांचे निरीक्षण किती बारीक होते हे पाहण्यासारखे आहे.

हारीताने गर्भिणीच्या आठ उपद्रवांत शोफ गणला आहे. सुश्रुताने निदानस्थानात गर्भपातानंतर व अतिरक्तस्रावानंतर होणारा अपतानक असाध्य सांगितला आहे. मूढगर्भाच्या प्रकरणात तर ज्या लक्षणांनी युक्त स्त्रीची चिकित्सा वर्ज्य म्हणून सांगितली, त्यांत इंद्रियांना विपरीत अर्थाचे ज्ञान होणे, आक्षेपक, श्वास आणि भ्रम यांचा एकत्र उल्लेख आहे. डोळ्यांपुढे काजवे चमकणे, झटके, फुप्फुसात पाणी साठून लागणारी धाप आणि चक्कर, असा या यादीचा आजच्या भाषेतील अर्थ कोणाही चिकित्सकाला जाणवल्याशिवाय राहणार नाही. ही यादी प्रीएक्लॅम्प्सियाचेच वर्णन आहे असा आमचा दावा नाही. परंतु ही लक्षणे एकत्र दिसली असता वैद्याने आपल्या सामर्थ्याची सीमा ओळखावी, हा उपदेश स्पष्ट आहे. त्या काळी पुढे पाठविण्यास जागा नव्हती, म्हणून वर्ज्य म्हटले. आज जागा आहे. म्हणून आजच्या वैद्यासाठी असाध्य या शब्दाचा व्यवहारातील अर्थ विनाविलंब पाठवणी असा घेतला पाहिजे.

चरकाने गर्भिणीचे उपचरण तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळविता नेण्यासारखे करावे, असे म्हटले आहे. उत्ताने, म्हणजे पाठीवर निजण्याचाही त्याने निषेध केला आहे. कारणमीमांसा वेगळी असली तरी शेवटच्या महिन्यांत पाठीवर निजल्याने गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि कुशीवर निजणे हितकर ठरते, हे आजच्या शास्त्रालाही मान्य आहे.

तीन तक्रारी आणि तीन तयार औषधे

आता मूळ मुद्द्याकडे वळू.

शोथ : पायांवर सूज म्हटली की पुनर्नवा, गोक्षुर अशी मूत्रल द्रव्ये हाती येतात. सुश्रुताने सहाव्या महिन्यात गोक्षुरसिद्ध घृत किंवा यवागू सांगितली असल्याने त्यास शास्त्राधारही लाभतो. परंतु तो परिचर्येचा भाग आहे, रक्तदाब वाढलेल्या गर्भिणीच्या शोथाची चिकित्सा नव्हे. वर सांगितल्याप्रमाणे तिच्या वाहिन्यांत द्रव आधीच कमी असतो. मूत्रल औषधाने तो आणखी घटविला तर वारेकडे जाणारे रक्त अधिकच कमी होण्याचा संभव असतो, सूज मात्र उतरल्यासारखी दिसते आणि घरचे निश्चिंत होतात. केवळ पायांवर असलेली, रात्रीच्या विश्रांतीने उतरणारी सूज बहुधा प्राकृत असते. चेहऱ्यावर व हातांवर आलेली, अंगठी वा बांगडी रुतविणारी, आठवड्याभरात वजन झपाट्याने वाढविणारी सूज संशयास्पद समजावी. दोन्हींत रक्तदाब मोजावाच.

शिरःशूल : डोके दुखण्यावर लेप, नस्य, पथ्यादि काढा किंवा दुकानातून मिळणारी वेदनाशामक गोळी, हा नेहमीचा क्रम. उत्तरकालीन गर्भिणीचे डोके सतत ठणकत असेल, विश्रांतीने थांबत नसेल, सोबत अंधुक दिसणे वा काजवे चमकणे असेल तर ती झटक्याची पूर्वसूचना असू शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या तर शेवटच्या तिमाहीत गर्भासही अहितकर आहेत.

अम्लपित्त : आमच्या मते तिन्हींत सर्वांत फसवी तक्रार हीच. गर्भिणीला छातीत जळजळ होणे इतके सामान्य आहे की कामदुधा वा सूतशेखर देताना हात थबकत नाही. जळजळ जेवणानंतर वाढते, आडवे झाल्यावर घशाशी येते. याउलट यकृताच्या शोथाने होणारी वेदना आमाशयाच्या जागी किंवा उजव्या बरगडीखाली दाबल्यासारखी, सतत असते, दाबल्यास दुखते आणि सोबत मळमळ वा उलटी असते. सातव्या महिन्यानंतर नव्याने सुरू झालेली उलटी पित्ताची म्हणून सोडून देऊ नये. रुग्णा स्वतः पित्त म्हणते, म्हणून आपणही पित्त म्हणावे असे नाही.

मापनाची पद्धत

रक्तदाब मोजणे सोपे वाटते, परंतु चुकीच्या मापनाने खरा विकार निसटतो. पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) चालून वा मोटारसायकलवरून आलेल्या गर्भिणीस किमान पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. पाठीला आधार, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर.

२) दंडाच्या जाडीप्रमाणे पट्टा घ्यावा. लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो.

३) खालचा आकडा आवाज पूर्ण नाहीसा होतो तेथे घ्यावा.

४) पाठीवर निजवून मोजू नये. कुशीवर निजवून वरच्या हाताचा रक्तदाब घेतल्यास तो खोटा कमी येतो.

५) डायलचे यंत्र ठरावीक काळाने तपासून घ्यावे. स्वयंचलित यंत्रे प्रीएक्लॅम्प्सियात आकडा कमी दाखवू शकतात. तक्रार असूनही आकडा ठीक आला तर कानाने ऐकून पुन्हा मोजावा.

६) लघवी मध्यधारेची घ्यावी आणि मूत्रपट्टीने तपासावी. पट्टी नसल्यास नळीत लघवी तापवून व ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकून होणारी जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे.

७) आकडा, तारीख आणि गर्भाचे आठवडे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावेत. पुढे तपासणाऱ्यासाठी हा आलेख फार मोलाचा असतो. पाचव्या महिन्यात ९०/६० असणारी स्त्री आठव्या महिन्यात १३०/८६ झाली, तर आकडा मर्यादेत असूनही तिला आठवड्याने पुन्हा बोलवावे.

कोणत्या औषधांपासून दूर राहावे

सर्पगंधा : उच्च रक्तदाबावरील हे आपल्या शास्त्राचे जगाला दिलेले देणे आहे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेखन केले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. या इतिहासाचा अभिमान बाळगूनही गर्भिणीला सर्पगंधा देऊ नये. रेसर्पिन वारेतून गर्भाकडे जाते. नवजात बालकाचे नाक चोंदणे, सुस्ती, श्वासास अडथळा असे परिणाम त्यातून नोंदले गेले आहेत. शिवाय तिचा गुण सावकाश येतो, जे १६०/११० च्या प्रसंगी निरुपयोगी आहे, आणि तिने येणारी ग्लानी मेंदूकडील पूर्वसूचना झाकून टाकते.

ज्येष्ठमध : मासानुमासिक योगांत पहिल्या महिन्यासाठी मधुक सांगितले आहे, म्हणून ते सर्व गर्भावस्थेत निर्धोक मानले जाते. परंतु ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन शरीरात सोडियम व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घटविते आणि रक्तदाब वाढविते. खोकल्याच्या काढ्यांत, चाटणांत व गोळ्यांत ते सर्रास असते. रक्तदाब वाढलेल्या वा धोक्याच्या गटातील गर्भिणीस ते वर्ज्य करावे.

लवण व क्षार असलेले चूर्णे-योग, गुग्गुळाचे कल्प आणि पारदयुक्त रसकल्प यांबाबतही हाच सावधपणा ठेवावा. नवव्या महिन्यातील अनुवासन बस्ती व पिचू ही सुंदर परिचर्या आहे, पण ती रक्तदाब प्राकृत असणाऱ्या स्त्रीसाठी. १४०/९० आढळताच पंचकर्माचा विचार थांबवावा.

बाजूच्या पद्धतीतीलही एक इशारा. गर्भधारणेपूर्वीपासून रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या चिठ्ठीवर एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांपैकी नाव असेल तर तिला त्वरित तज्ज्ञांकडे पाठवून गोळी बदलून घ्यावी. ही औषधे गर्भाच्या वृक्कास घातक आहेत.

पाठवणी : केव्हा, कोठे, कशी

१४०/९० ते १५९/१०९, लक्षणे नाहीत : त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे. आठवड्याने येऊन दाखवा असे सांगू नये.

१६०/११० किंवा अधिक, किंवा कोणत्याही आकड्यासोबत तीव्र डोकेदुखी, दृष्टिदोष, वरच्या पोटात दुखणे, धाप, लघवी कमी होणे, रक्तस्राव, गर्भाची हालचाल मंदावणे : तत्क्षणी.

झटका आल्यास : डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा वा काही घालू नये, पाणी वा औषध पाजू नये, इजा होणार नाही एवढे पाहावे आणि १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्या रुग्णवाहिकांवर आपलेच अनेक पदवीधर काम करीत आहेत.

मोरगावहून बारामती सुमारे ३५ किलोमीटर आहे. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अंतर दुर्लंघ्य नाही, पण झटका आल्यानंतरचे ३५ किलोमीटर आणि झटक्यापूर्वीचे ३५ किलोमीटर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रुग्णेसोबत चिठ्ठी द्यावी. तीत आठवडे, रक्तदाबाचे आकडे व वेळ, मूत्रपरीक्षण, लक्षणे आणि आपण दिलेली औषधे, आयुर्वेदिक असली तरी, लिहावीत. पोहोचण्यापूर्वी रुग्णालयास दूरध्वनीने कळवावे.

तेथे काय होते हे आपणांस ठाऊक असावे, म्हणजे नातेवाइकांना विश्वासाने सांगता येते. झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हेच श्रेष्ठ औषध होय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांचा समावेश होता आणि या औषधाने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. जेथे पूर्ण उपचार शक्य नाही तेथे पहिली मात्रा देऊन रुग्णेस तत्काळ वरच्या केंद्रात न्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणून वाटेतील प्राथमिक आरोग्य केंद्रात ही मात्रा मिळू शकते का, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

रक्तदाब उतरविण्याच्या औषधांबाबत आपल्या राज्यातील एक अभ्यास आवर्जून सांगण्यासारखा आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व डागा स्त्री रुग्णालय येथे २०१५ ते २०१७ या काळात तीव्र रक्तदाबाच्या ८९४ गर्भिणींवर तोंडाने घ्यावयाच्या निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा या तीन औषधांची तुलना झाली. २०१९ साली ती लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. सहा तासांत कोणत्याही अपायाविना रक्तदाब इष्ट मर्यादेत येण्याचे प्रमाण निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ टक्के व मिथिलडोपाने ७६ टक्के आढळले. शिरेतून औषध देण्याची सोय नसलेल्या ठिकाणीही साध्या गोळ्यांनी तीव्र रक्तदाब आटोक्यात येतो, हे आपल्याच शासकीय रुग्णालयांनी जगाला दाखविले. निर्णय अर्थातच प्रसूतितज्ज्ञांचा. रक्तदाब उतरला म्हणजे रोग गेला असे मात्र नाही. वार शरीरात असेपर्यंत रोग असतो. म्हणून सामान्यतः ३७ आठवड्यांस, आणि प्रकृती बिघडत असल्यास त्यापूर्वीही, प्रसूती करविणे हाच मूळ उपचार ठरतो. "आठव्या महिन्यात कशाला बाळंत करायची?" असे घरची वडीलधारी मंडळी विचारतात, तेव्हा हे समजावून सांगण्याचे काम त्यांच्या विश्वासातील वैद्याइतके दुसरे कोणी करू शकणार नाही.

माहेर आणि ऊसतोड

आमच्या भागात दोन प्रसंगी गर्भिणीची तपासणी तुटते. पहिला माहेरचा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होऊन लेक माहेरी येते. कार्ड सासरी राहते, डॉक्टर बदलतात आणि नव्या ठिकाणी नाव नोंदविण्यात दोन-तीन आठवडे निघून जातात. रक्तदाब वाढण्याचा काळ नेमका हाच. माहेरी आलेली गर्भिणी कोणत्याही कारणाने समोर आली की कार्ड कोठे आहे, शेवटचा रक्तदाब केव्हा मोजला, हे दोन प्रश्न विचारावेत.

दुसरा प्रसंग ऊसतोडीचा. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथील कारखान्यांच्या गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून टोळ्या येतात. त्यांतील गर्भिणी पहाटेपासून फडात असते. एक दिवस दवाखान्यात जाणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे. ती औषधाच्या दुकानात येते, तीही संध्याकाळी, डोकेदुखीची एक गोळी मागण्यासाठी. तिच्या बाबतीत दुकानदार हाच पहिला आणि कदाचित शेवटचा आरोग्यसेवक असतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते. हे मुकादमाच्या कानावर घालणेही उपयोगी पडते.

प्रतिबंध व परिचर्या

पहिलटकरीण, पूर्वी हा विकार झालेली, जुळी असलेली, पस्तिशीपुढील, स्थूल, मधुमेह वा वृक्कविकार असलेली, आई-बहिणीस हा त्रास झालेली, अशा गर्भिणींना धोका अधिक. यांपैकी अतिधोक्याच्या स्त्रियांना तज्ज्ञ अल्प मात्रेत ॲस्पिरिन सुरू करतात. ते पहिल्या तिमाहीच्या शेवटी, फार तर वीस आठवड्यांपूर्वी सुरू व्हावे लागते. म्हणून धोका तिसऱ्या महिन्यातच ओळखावा.

ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असते त्यांना ते पुरविल्यास हा विकार घटतो. शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून दररोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घ्यावयाच्या असतात, लोहाच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर ठेवून. शंख वा प्रवाळ भस्म हे त्यास पर्याय नव्हे. २५० मिलिग्रॅम भस्मातून एक ग्रॅम कॅल्शियम मिळणे गणितानेच अशक्य आहे. मात्र चरकोक्त मासानुमासिक परिचर्येचा पाया दूध आहे, हे विसरू नये. दूध, नाचणी, तीळ, हिरव्या भाज्या यांचा आग्रह धरणे हे आपले खास क्षेत्र आहे.

मीठ संपूर्ण बंद करणे आणि सक्तीने अंथरुणावर निजविणे यांनी हा विकार टळत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या शिफारशींत नमूद आहे. लोणचे-पापड आवरते घ्यावे, परंतु अळणी जेवणाने अन्नद्वेष होऊ देऊ नये.

सूतिकावस्था

प्रसूती झाली म्हणजे धोका सरला, ही समजूत घातक आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा वाढतो आणि तोवर स्त्री घरी आलेली असते. झटके प्रसूतीनंतरही येतात. शेक-शेगडी, अभ्यंग, डिंकाचे लाडू आणि बाळंतकाढा यांच्या गडबडीत कोणी यंत्र लावत नाही. सूतिका परिचर्येसाठी आपल्याला घरी बोलाविले जाते. त्या भेटीत पहिल्या आठवड्यात किमान दोनदा आणि सहाव्या आठवड्यास एकदा रक्तदाब मोजावा. बाळंतिणीच्या डोकेदुखीला वारा लागला असे म्हणून सोडू नये. ज्या स्त्रीला प्रीएक्लॅम्प्सिया झाला, तिला पुढील आयुष्यात हृद्रोग व पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. तिचा रक्तदाब दरवर्षी मोजावा, वजन, आहार व विहार सांभाळावा. हे दीर्घकालीन काम आयुर्वेदाच्या हातचे आहे आणि ते आपण समर्थपणे करू शकतो.

औषधविक्रेत्यांसाठी

डोकेदुखी, सूज वा पित्ताचे औषध मागणाऱ्या स्त्रीस, किंवा तिच्यासाठी मागणाऱ्या पतीस, एक प्रश्न विचारावा : "घरात कोणी गरोदर आहे का, कितवा महिना?" पाचव्या महिन्यापुढे असल्यास औषधाआधी रक्तदाब मोजून घेण्यास सांगावे. दुकानात एक चांगले यंत्र व मूत्रपट्ट्यांची डबी ठेवावी. रक्तदाब हमखास उतरविणाऱ्या औषधांच्या जाहिराती लावू नयेत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याच्या सूचीत उच्च रक्तदाब समाविष्ट आहे, हे लक्षात असावे.

उपसंहार

गर्भिणीचा उच्च रक्तदाब आम्ही औषधाने बरा करू, असे म्हणण्यात आयुर्वेदाचा गौरव नाही. तो वेळीच ओळखण्यात, योग्य ठिकाणी पोहोचविण्यात आणि आधीची व नंतरची परिचर्या नीट करण्यात आहे. ज्या गावात रात्री-अपरात्री दार उघडणारा एकच वैद्य असतो, तेथे त्याच्या टेबलावरचे रक्तदाबाचे यंत्र हे कोणत्याही कल्पापेक्षा अधिक जीव वाचविणारे ठरते. सूज, डोकेदुखी आणि पित्त या तीन शब्दांनंतर आपला हात औषधाच्या बरणीकडे जाण्यापूर्वी त्या यंत्राकडे जावा, एवढी सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी, ही नम्र विनंती.